सागाईला घातलेल्या शिव्या

डाबे हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. नाचून आजार काढणारे आम्हा वाळवंटातल्या शिकारी लोकांत पुष्कळ, पण इतका भित्रा एकच. नाचता नाचता पोटातली आजार काढणारी शक्ती उकळायला लागली की माणूस अर्धा मरतो, मेलेल्यांपर्यंत जाऊन येतो, ते कोणालाही नकोसंच वाटतं. पण हा दर वेळी माझा हात धरून रडायचा. "ताई, या खेपेला काही मी परत येत नाही!"

"मर एकदाचा! तुझ्या वाटचं मांस तरी आम्हाला मिळेल," मी म्हणायचे. माझी बहीण सागाई हसून हसून वाळूत लोळायची. तिला मात्र त्याने कधी 'सरक' म्हटलेलंसुद्धा मी ऐकलं नाही.

सागाई थंडीत वारली. उन्हाळ्यात तिची लेक कोका तापाने फणफणली. दवाखान्याच्या गोळ्या संपल्या, ताप तसाच. पाच वर्षांची पोर "आई आली, आई आली" बरळायला लागली, तेव्हा मी डाबेला नाचायला उठवलं. मेलेल्यांना एकटं वाटतं, मग ते आपल्या लाडक्यांनाच ओढून नेतात. तिथे गोडीगुलाबी चालत नाही. शिव्या घालून हाकलावं लागतं.

संध्याकाळपासून आम्ही बायका आगीभोवती बसून गात होतो, टाळ्या पिटत होतो. उजाडलं, ऊन आलं, तरी डाबे नाचतच होता. शेवटी तो थरथरला, कोकाच्या छातीवर हात ठेवून आमच्या डोक्यांवरून पलीकडच्या झाडांकडे बघायला लागला.

"सागाई, अगं, जा ना," तो म्हणाला. किती हळू!

कोकाचे ओठ निळे पडले होते. मी ओरडले, "अरे, शिव्या घाल! पोर चालली!"

"ताई, ती हसतेय गं माझ्याकडे बघून."

भीतीने बायकांच्या टाळ्या अडखळल्या. गाणं तुटलं तर तोही मेलेल्यांकडेच राहायचा. मी शेजारणीला कोपर हाणलं. "गा गं, बयो, गा!" मीही जोरजोरात टाळ्या पिटायला लागले.

कोकाचा श्वास थांबला.

डाबे किंचाळला, "चालती हो, सटवे! घाणेरडे! कोण गं तू? इथे तुझं कोणी नाही! नवरा नाही, लेक नाही! तोंड काळं कर!" हाताला लागलं ते लाकूड त्याने फेकून मारलं आणि मेल्यासारखा कोसळला.

कोका खोकली. पुन्हा खोकली. "पाणी," म्हणाली.

कोणी रडतंय, कोणी हसतंय. आम्ही डाबेचं अंग चोळचोळ चोळलं, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

"मेल्या, पोर वाचली की रे!" मी म्हणाले.

त्याने कोकाला जवळ घेतलं, पण नजर झाडांकडेच होती.

"ती गेली, ताई. एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही तिने. मी मरेन तेव्हा मला न्यायला कोण येणार?"