बेसच्या भिंतीतली मोकळी जागा

आधी घरमालकीण बाईंचं सांगतो. आरमोरीत मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो, त्या बाई. तळ्यातले मासे धरतात आणि बाजारात बसून विकतात. आयुष्यात मोबाईलवर एकही गेम खेळलेल्या नाहीत, आणि माझा गेम त्यांनीच वाचवला.

मी जतकडचा. नववीत शाळा सोडली, वेल्डिंग शिकलो आणि राइस मिलची मशिनरी बसवणाऱ्या टोळीबरोबर इकडं आलो. टोळी परत गेली, मी देखभालीला राहिलो. घर गाठायचं म्हणजे दोन रेल्वे आणि वर एसटी. धाकटी बहीण आठवीत आहे. तिचा फोन आला की जेवलास का, जेवलो, तू जेवलीस का, हो, एवढ्यावर फोन संपतो. खरं बोलणं व्हायचं ते गेममध्ये. त्यात मोठं मोकळं जग आहे, जंगल, डोंगर, कुठंही फिरा. त्या जंगलात आम्ही दोघांनी मिळून एक घर बांधलं होतं. गेमवाले त्याला बेस म्हणतात. लाकडं तोडता तोडता ती गेमच्याच माइकवरून शाळेतलं, आईचं, व्यालेल्या शेळीचं सगळं सांगत राहायची. समोरासमोर असती तर इतकं बोलली नसती.

पण त्या गेममध्ये एक वैतागच घालून ठेवलाय. तुम्ही बेसपासून लांब गेलात की नेमका लुटारूंचा हल्ला, शिवाय दर रविवारी एक मोठा हल्ला ठरलेलाच. स्क्रीनवर लाल पट्टी येते, हातातलं टाकून पळत सुटावं, तर पोचेपर्यंत लुटारूंनी अर्धं घर पाडलेलं असतं. पहारेकरी नेमले तर ते भिंतीकडं तोंड करून उभे. माझा स्वभाव आधीच घाबरा. त्या पट्टीच्या धास्तीनं मी लांब जायचंच सोडलं आणि भिंती वाढवत बसलो. वेल्डर माणूस, फट दिसली की ती भरल्याशिवाय चैन पडत नाही. दगडाची भिंत केली, तिच्यावर लोखंडाची, बाहेरून आणखी एक. दरवाजासुद्धा बुजवला, आम्ही शिडी लावून आत-बाहेर करायचो. तरी भिंत फुटायचीच, आणि दर वेळी नव्या ठिकाणी.

तिसऱ्यांदा बहिणीची खोली गेली. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "दादा, आता रविवारच्या हल्ल्यात पडलं ना, तर मी गेम काढूनच टाकणार बघ. किती वेळा बांधायचं?" गेम गेला तर आमचं बोलणंही जाणार होतं.

शनिवारी मिल बंद होती. पडवीत, इकडच्या भाषेत छपरीत, बसून मी आणखी एक भिंत चढवत होतो. बाजूला बाई बांबूचा मासे धरायचा सापळा दुरुस्त करत होत्या. माझं पुटपुटणं ऐकून विचारलं, "कोनाशी भांडून राह्यला रे बाबू?"

मी मोबाईल पुढं धरून सगळं समजावलं. त्यांनी ती भिंत चहूबाजूंनी नीट बघितली, एखाद्याचं शेत बघावं तशी.

"मंग त्याहिनं यावं कुठून?"

"येऊच नये म्हणून तर बांधलंय, बाई."

"येनारच ना ते. तू वाट नाई देल्ली, तर कुठीबी फोडतीन."

हातातला सापळा तसाच घेऊन त्या उठल्या आणि मला घरामागच्या धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरावर, नेलं. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत उतरायला बांधाला एकच तोंड ठेवलं होतं. तिथं त्यांनी सापळा बसवला, दोन्ही बाजूंना चिखल लावला. म्हणाल्या, सारा बांध बंद केला तर पाणी बांधच फोडते, आणि कुठं फोडेल ते आपल्याला मालूम नसते. "एक तोंड ठेव. आनं त्या तोंडावर तू बस."

परत येऊन मी माझ्या भिंतीला तोंड पाडलं. ते करणं जिवावर आलं. इतकी वर्षं फट बुजवण्याचाच पगार घेतलाय. बहीण चिडली, मी हार मानली असं तिला वाटलं. भिंतीभोवती पसरलेले सगळे खिळ्यांचे सापळे मी तिला त्या वाटेवर मांडायला लावले तेव्हा कुठं तिचा राग उतरला.

रविवारी दुपारी ते आले. भिंतीशी घुटमळले नाहीत, सरळ त्या वाटेनं रांगेत आत शिरायला लागले. बहीण एका बाजूला, मी एका बाजूला, सापळ्यात अडकेल त्याला पाडत गेलो. एकजण निसटला आणि आमची चूल फोडून गेला, बस. घर उभं राहिलं. लुटारूंना वाट असली की ते वाटेनंच येतात, वाट नसली तरच भिंत फोडतात, हे मला नंतर एका व्हिडिओत कळलं. बाईंनी ते एका नजरेत ओळखलं होतं. मी महिनाभर त्या भिंती बघत होतो.

बहिणीनं विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी बाईंचं सांगितलं. मग तासभर तिचे प्रश्न संपेनात. बाई रागावतात का, मासे कुठले मिळतात, तू स्वतः रांधतोस का, तिथं तुला करमतं का. हे शेवटचं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं, नाही करमत. गेम काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना म्हणाली, "उद्या तू फिरून ये लांब. तोंडावर मी बसते."

संध्याकाळी बाईंना सांगितलं की घर वाचलं. त्यांनी विचारलं, "मंग, त्या तोंडाशी मासोया किती गवसल्या?" आणि आपल्याच बोलण्यावर हसत आत गेल्या. वर वाटीभर कालवण आणून दिलं, जणू उपकार मीच केला होता.

बाजाराच्या दिवशी ओली टोपली डोक्यावर घेऊन बाई चालत जातात, पाणी मानेवरून पाठीवर उतरत असतं. मी त्यांच्या उंचीला बेतलेली, एका हातानं ढकलता येईल इतकी हलकी हातगाडी बनवणार आहे. अजून त्यांना बोललो नाही, बोललो तर नको म्हणतील. पण एक दिवस त्यांच्या दारात ती उभी करीन, हा माझा शब्द.