स्ट्रेचरचा खटका

लिंबायतच्या आमच्या मंडळाची अ‍ॅम्ब्युलन्स चालवणारे काका खान्देशातले. एरवी बोलणं कमी, पण पेशंट मागे असला की प्रत्येक खड्ड्याआधी ओरडून सांगायचे, "माय, पुढे खड्डा शे, सांभाळ!"

नवी गाडी बघायला मी त्यांना सोबत नेलं. इंजिनाकडे न बघता ते थेट मागे चढले, चपला काढून स्ट्रेचरवर आडवे झाले आणि म्हणाले, "भाऊ, आता जोरात ढकला मला." मी ढकललं. स्ट्रेचर जागेवर धरणाऱ्या खटक्यातून निसटलं.

"ही नको. दुसरी बघू," काका म्हणाले.

दुसरी मिळायला महिना लागणार होता आणि मी उद्घाटनाच्या पाहुण्यांना तारीख देऊन बसलो होतो. हीच घेतली.

पुढच्याच आठवड्यात कडोदऱ्याच्या रस्त्यावर ब्रेक लागला, स्ट्रेचर सुटलं आणि एका म्हातारीचा हात मोडला. तिचा मुलगा मंडळाच्या ऑफिसात येऊन ओरडू लागला. काका पुढे झाले. "ब्रेक मीच जोरात मारला, भाऊ. चूक माझी."

त्याने काकांची कॉलर धरली. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मंडळाचा सचिव, खुर्चीतून उठलो आणि त्या मुलाला म्हणालो, "शांत व्हा, पाणी घ्या."