पडद्यावर लुकलुकणारी खिडकी

परभणीतल्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटरचं काम बघतो, तिथल्या टेक्निशियन ताईंवर मी एकदा तीन आठवडे संशय घेतला होता. ताई झरीच्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. रक्ताचे निकाल त्या कॉम्प्युटरवर भरायच्या. प्रत्येक रिपोर्टनंतर पडद्यावर ‘रिपोर्ट सेव्ह्ड’ अशी छोटी खिडकी यायची आणि एंटर दाबल्याशिवाय जायची नाही. सकाळच्या गर्दीत त्याचा लय वैताग व्हायचा.

तो वैताग घालवायला मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. खिडकीच्या मथळ्यात दर वेळी पेशंटचं नाव, नंबर बदलतो, त्यामुळे ठरावीक मथळा शोधून भागत नाही, साचा द्यावा लागतो. त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मी साचा दिला: आधी काहीही, मधे ‘रिपोर्ट’, पुढे काहीही. असा मथळा दिसला की स्क्रिप्टनं स्वतःच एंटर दाबायचं. डॉक्टर खूश झाले. ताई मात्र म्हणाल्या, “माझं काम हे मशीनच करणार म्हना की आता.” मी हसून सोडून दिलं.

महिन्याभरानं झरीची एक सून रिपोर्टचा कागद घेऊन आली. “आमच्या मामांना साखर कधीच नव्हती. तुमी चारशे दाखवायलाव!” सासरे आमचे जुने पेशंट, त्यांना ती सोबतच घेऊन आली होती. रक्त पुन्हा तपासलं, साखर अगदी नॉर्मल निघाली. त्या दिवशी दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. दुसरी नळी पोखर्णीच्या एका निवृत्त मास्तरांची. ते आमच्याकडे पहिल्यांदाच आले होते आणि ‘सगळं ठीक’ असा कागद घेऊन घरी गेले होते. त्यांना फोन करून बोलावलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

प्रश्न असा होता की जुन्या पेशंटचा निकाल आधीपेक्षा फार वेगळा आला तर सॉफ्टवेअर ‘रिपोर्ट वॉर्निंग’ दाखवतं. मग ती कुणीच कशी बघितली नाही? सॉफ्टवेअरच्या नोंदीत त्या वॉर्निंगवरचं ‘पुढे चला’ बटण ताईंच्या नावानं दाबलेलं होतं.

“मला एक बी वॉर्निंग दिसली न्हाई, सर,” ताई म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू मी?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “वॉर्निंग येतेच, सर,” मी म्हणालो. तेवढंच. पण त्या तेवढ्यात काय काय आलं ते ताईंना बरोबर कळलं.

त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलं. माझं टेबल त्यांच्या पुढं होतं, पाठ त्यांच्याकडे. मागून पेनाची खरखर ऐकू यायची. मी वळलो की वही बंद. मला वाटलं, माझ्याविरुद्ध तक्रार लिहायला लागल्या आहेत. मी कधी येतो, किती वेळा चहाला उतरतो, सगळं. चहा कमी केला. मोबाइल खिशातच ठेवू लागलो. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “तुम्हीच आधी त्यांचं नाव घेतलंत ना?” मी म्हणालो, मी नाव कुठं घेतलं?

एका सकाळी ताई रक्त घ्यायला आतल्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या ड्रॉवरमधली वही उघडली. माझं नाव कुठंच नव्हतं. होते पेशंटचे नंबर, वेळ, आणि दोन प्रकारचे शेरे. ‘हिरवी खिडकी, लुकलुकली.’ ‘हिरवी.’ ‘हिरवी.’ मग एका नंबरपुढे: ‘पिवळी! वाचायच्या आत गेली.’

‘रिपोर्ट सेव्ह्ड’ची खिडकी हिरवी असते, वॉर्निंगची पिवळी. तिच्याही मथळ्यात ‘रिपोर्ट’ आहे. माझा साचा दोन्हींना लागू पडत होता, आणि ताईंचं लॉगिन वापरून एंटर माझी स्क्रिप्ट दाबत होती.

वही होती तशी ठेवली. साच्यात ‘सेव्ह्ड’ घातलं, मथळा नेमका कुठून सुरू व्हायला हवा तेही बांधून टाकलं. पाच मिनिटांचं काम. कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत बघू, असं स्वतःला म्हणालो.

दुपारी मागून आवाज आला. “आज पिवळी खिडकी आली अन् थांबली. मी वाचली. काय केलं तुमी?”

मी वळलो. वही उघडी होती. खोटं बोलायला जागा नव्हती.

“माझीच चूक होती, ताई.”

“मला सांगून काय उपयोग? सरांना सांगा.”

डॉक्टरांच्या खोलीत मी सगळं सांगितलं. वही चोरून वाचली तेही. ते ताईंना आणि रिसेप्शनवरच्या बाईंना आत बोलावून सर्वांसमोर ताईंना म्हणाले, “वॉर्निंगच्या बाबतीत तुमची चूक नव्हती. मी विचारायला हवं होतं.” स्क्रिप्ट सुरू झाल्यापासूनचे सगळे रिपोर्ट डॉक्टर, ताई आणि मी, आम्ही तिघांनी चार दिवस बसून जुन्या निकालांशी ताडून पाहिले. शंका आली त्या पेशंटना पुन्हा बोलावलं. कुणाला इजा झालेली नव्हती.

शेवटच्या दिवशी फायली बांधताना मी विचारलं, “ताई, पहिल्यांदा पिवळी दिसली तेव्हाच मला का नाही सांगितलं?”

“तुमाला सांगितलं असतं तर तुमी गुपचूप दुरुस्त केलं असतं,” त्या म्हणाल्या, “अन् नोंदीत माझं नाव तसंच राहिलं असतं.”

मी फायलीची दोरी आवळत राहिलो. त्यांनी दुसरी फाईल माझ्याकडे सरकवली.