चष्मेवाल्या मिस्त्रींचा मास्क

दुकानात शिरले की मिस्त्री आधी चष्मा काढून काउंटरवर ठेवायचे आणि मग नमस्कार करायचे. चष्म्याशिवाय त्यांना मी दिसत नसे, त्यामुळे तो नमस्कार पुष्कळदा माझ्या शेजारच्या आरशाला जायचा. मग म्हणायचे, "भाऊ, काच पुसून द्या जरा. दुनिया धुकट दिसून राहिली."

अमरावतीत माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांचा सुतारकामाचा कारखाना होता. उणे आठ नंबरचा चष्मा, भरघोस पांढरी दाढी आणि त्या दाढीत दिवसभराचा भुसा. काचांवर ओरखड्यांचं जाळं झालेलं. भुसा कोरडा पुसू नका, आधी पाण्याखाली धरा, असं मी दर वेळी सांगायचो. "बरोबर हाये," म्हणायचे आणि तिकडे जाऊन पुन्हा बनियनलाच पुसायचे.

सागवानाची दारं हे त्यांचं खरं काम. तिवशापासून चांदूर रेल्वेपर्यंतची माणसं दारासाठी त्यांच्याकडे यायची. पुढे सागवान कमी झालं आणि दाबलेल्या भुशाच्या पाट्या आल्या. त्या मशीनवर घासल्या की पिठासारखी बारीक धूळ उडते. भिंतीपलीकडून मला आधी मशीनचा आवाज यायचा आणि ती थांबली की मिस्त्रींचा खोकला. तुमच्याही शेजारी असा एखादा खोकला असेल. रोजचा झाला की आपण तो ऐकेनासे होतो. मीही तेच केलं होतं.

एका दुपारी त्यांची बायको दुकानात आली आणि नंबर तपासायच्या खुर्चीवर येऊन बसली. मला वाटलं, डोळे दाखवायला आल्या. त्यांनी पिशवीतून छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मास्क लावा नाहीतर काम सोडा. मिस्त्री दोन्ही ऐकत नव्हते. "डोळ्याच्या बाबतीत तुमचं आयकतात थे," त्या म्हणाल्या. "मंग मास्कचं बी तुमीच सांगून पाहा."

मी मागे गेलो. मिस्त्रींनी वाद घातला नाही. खिशातला कापडी मास्क काढून नाकावर चढवला, त्यावर चष्मा लावला आणि दोनदा श्वास सोडला. दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या.

"आता सांगा," ते म्हणाले. "करवत चालू हाये अन् मले माहंच बोट दिसत नाई. छाती वाचवू का बोट?"

त्यांच्या उस्तादांची दोन बोटं त्यांच्यासमोर करवतीत गेली होती. दवाखान्यात नेताना रिक्षात उस्तादांचा हात धरून मिस्त्रीच बसले होते. त्यामुळे धुकट काच ही त्यांच्या लेखी थट्टेची गोष्ट नव्हती.

मी माघारी आलो तो शरमून. डोळ्यांचा धंदा माझा, म्हणजे हे कोडं माझंच होतं. आम्ही एकेक उपाय करत गेलो. काचेवर वाफ धरू नये म्हणून मारायचा फवारा दिला, तो चहाच्या वेळेपर्यंत टिकला. वाटीसारखा जाड मास्क आणला, तर त्याची नाकावरची पट्टी नेमकी चष्म्याच्या जागी येई. मास्क खाली ओढला तर धूळ आत, चष्मा पुढे ढकलला तर रेघ वाकडी दिसे. शेवटी माझ्या लक्षात आलं की वाफ नाकाजवळच्या फटीतून वर येते, काचेला कितीही लेप लावा. मी त्यांना हलकी फ्रेम करून दिली, नाकावरच्या गाद्या वर-खाली करता येतील अशी. आणि फट न ठेवणारा मास्क शोधायला आम्ही दोघं बसने अकोल्याला गेलो.

कारखान्यांचं सामान विकणारं दुकान होतं. दुकानदार बाईंनी रबराचा मास्क काढला. गालांवर दोन गाळण्या, सोडलेला श्वास खालच्या झडपेतून बाहेर. बाई म्हणाल्या, आधी मास्क, मग चष्मा. आता तळहातांनी गाळण्या झाका आणि श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे.

तो चिकटला नाही. बाईंनी कडेने बोट फिरवलं आणि सांगितलं, "दाढी आहे तोवर हा बसायचा नाही. हवा केसांतूनच आत येणार."

मिस्त्रींनी मास्क काढून ठेवला आणि ते दुकानाबाहेर गेले. मी मास्क विकत घेतला. परतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, त्यांनी सांगितलं. लहानपणी लाकूड चिकटवायच्या उकळत्या सरसाचं भांडं त्यांच्या जबड्यावर सांडलं होतं. कातडी आकसून गेली. त्या डागापायी तीन ठिकाणी लग्नाला नकार आला. मग दाढी वाढवली आणि चौथ्या ठिकाणी जमलं.

"वहिनींना माहीत नाही?" मी विचारलं.

"तिले माहीत हाये. पण तिनं बी हात लावून पाह्यला, डोळ्यानं नाई."

मी मांडीवरचा मास्क पिशवीत घातला.

आठवड्याने ते दुकानात आले, दाढी काढून. पहिल्यांदाच चष्मा काढला नाही आणि नमस्कार नीट मलाच केला. डाग कानापासून हनुवटीपर्यंत होता, गुलाबी, चकचकीत. मी उगाचच फ्रेमच्या गाद्यांकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "पाहून घ्या एकडाव. मंग कामाचं बोलू."

मी पाहिलं. मग मास्क चढवला, चष्मा बसवला आणि त्यांना तक्त्यासमोर बसवून वीस वेळा श्वास सोडायला लावला. काच स्वच्छ राहिली. मास्कमधून घुमणाऱ्या आवाजात त्यांनी खालची ओळ वाचली. शेवटचं अक्षर चुकलं, पण ते त्यांचं नेहमीच चुकायचं.

पहिले काही दिवस गिऱ्हाइकं बिचकली. एकाने तर मिस्त्री कुठे आहेत, असं मिस्त्रींनाच विचारलं. मग सगळ्यांना सवय झाली. गेलेली छाती परत येत नाही, पण आहे ती टिकते, असं डॉक्टर म्हणाले होते. तशी ती चार वर्षं टिकली. या काळात गावातले चष्मेवाले सुतार त्यांनी एकेक करून माझ्याकडे पाठवले, आधी दाढी करून. एकाला तर स्वतः न्हाव्याकडे नेऊन बसवलं.

नंतर घरचा जिना चढवेना, तेव्हा कारखाना बंद करून दोघं नवरा-बायको दर्यापूरला मुलीकडे राहायला गेले. गेल्या थंडीत तिथेच ते वारले. मी तेरवीला गेलो.

अंगणात त्यांची नात आणि शेजारची पोरं बसली होती. मी कोण, हे विचारून झाल्यावर नातीने सांगितलं, "आबाच्या गालावर निशाण होतं. मेळघाटात वाघानं पंजा मारला होता."

"वाघ नाई, वीज पडली होती," शेजारची मुलगी म्हणाली. "मले हात लावू देला होता त्यायनं. मलेच सांगतलं."

तिसऱ्याकडे मगर होती. तिघांचं भांडण लागलं आणि नातीने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले माहीत असन. काय झालं होतं?"

"वाघच होता," मी म्हणालो.