मनीषाला दिलेला सल्ला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही. स्वतःचाच संताप येतो, एवढं खरं.

मी तासगावात दस्त लिहितो. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र. वकील नाही. पण आमच्याकडे वकील गाठला म्हणजे भांडण आलंच असं लोकांना वाटतं, म्हणून आधी माझ्याकडे येतात. आणि ‘मला माहीत नाही’ हे शब्द इतक्या वर्षांत माझ्या तोंडून कधी निघाले का? नाही.

आण्णा मगदूम माझा जुना मित्र. त्याची मुलगी मनीषा. तिने बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर तयार केलं होतं — कुणाचा माल कुठल्या खोलीत, कुठल्या थरात, सगळं क्षणात दिसायचं. दोन वर्षं खपली पोरगी त्यावर. त्याचा पाया तिने इंटरनेटवरून घेतला होता, कुणीतरी सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला. सोबत परवान्याचं इंग्रजी पान होतं. ते घेऊन ती माझ्याकडे आली. हे विकलं तर चालेल का, काका?

मी ते वाचलं का? पहिला परिच्छेद वाचला. फुकट आहे, कुणीही वापरावं — एवढं कळलं आणि माझी गाडी सुटली. हे बक्षीसपत्रच की, म्हटलं, देणाऱ्याचा हक्क संपला. ते पान काढून टाक आणि तुझं नाव घाल. खाली काहीतरी अटी दिसतायत, असं ती म्हणाली, तर मी हसलो. अहो, मी लिहिलेल्या निम्म्या बक्षीसपत्रांत अट असते — आईवडिलांना हयातभर घरात राहू द्यावं म्हणून. आणि मलाच अट दिसू नये? मूळ करणाऱ्यांचं नाव राखा, आणि पुढे कुणाला दिलंत तर तुमचे बदलही तसेच खुले ठेवा, इतकं साधं होतं त्यात. हे मला फार उशिरा कळलं.

पुढे पुण्याची एक कंपनी ते सॉफ्टवेअर घ्यायला आली. कामावर मनीषालाच प्रमुख नेमणार होते. त्यांच्या माणसाने आतला कोड तपासला, तर दोन-तीन ठिकाणी मूळ नावं राहून गेलेली. परवान्याचं पान मुद्दाम काढलंय, म्हणजे ही चोरी, असं तो म्हणाला. आण्णाच्या घरी पुढच्या सोप्यात आम्ही सगळे बसलो होतो. मनीषाने माझ्याकडे पाहिलं. ‘‘काकांनी सांगितलं म्हणून काढलं. व्हय न्हवं, काका?’’

हो म्हणायचं होतं. एवढंच.

‘‘मी कशाला सांगू?’’ मी म्हणालो. ‘‘मला त्या कॉम्प्युटरातलं काय कळतंय?’’

आणि सगळ्यांना ते पटलं! पटणारच ना — कळत तर खरंच नव्हतं. आण्णा पोरीवर तडकला, ‘‘सोताची चूक थोरल्या मान्सावर ढकलतीस व्हय गं?’’ मला त्या वेळी काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. लाज नंतर आली.

कंपनी निघून गेली. भानगडीचं काही नको म्हणून इथल्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनीही तिचं सॉफ्टवेअर बंद केलं. आता ती कुपवाडला दुसऱ्याच्या ऑफिसात बिलं टाइप करते. सल्ला अडाणीपणाने दिला म्हणता येईल, पण सोप्यातलं ते खोटं? ते मी पूर्ण शुद्धीत बोललो.

मगदूम जैन. पर्युषण संपलं की वर्षभरात ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जाऊन ते क्षमा मागतात. त्या वर्षी आण्णाने मनीषाला माझ्याकडे पाठवलं. दारात हात जोडून ती म्हणाली, ‘‘काका, तुमच्यावर आळ घेतला मी. उत्तम क्षमा.’’

बायको शेजारीच उभी होती. मी मनीषाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.