यानातली द्राक्षवेल

"मागं घे, मागं घे, त्या पानावर थांबव," असं माझे साडू इतक्या जोरात ओरडले की खाली मेथीच्या जुड्या लावत बसलेली बाई मान वर करून आमच्या खिडकीकडे बघायला लागली. पंचवटीत आमचं घर भाजीबाजाराच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. रविवारी अकरा वाजता खाली असा काही कालवा असतो की तोफ उडाली तरी लोक तिचा भाव विचारतील. यावरून आवाजाचा अंदाज करावा.

माझ्या हातातला रिमोट पडला. भाचीने तो उचलला, मागं घेतलं, थांबवलं. पडद्यावर कॅप्टन मेलेल्या बायकोचा जुना निरोप ऐकत होता, डोळे भरून आले होते, अख्ख्या मालिकेतला सगळ्यात हळवा क्षण. साडू टीव्हीच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक कॅप्टनच्या नाकाला लागलं. पण त्यांचं कॅप्टनकडे लक्षच नव्हतं. कॅप्टनच्या खांद्यामागे, यानाच्या भिंतीवर, एक वेल चढवलेली होती.

"द्राक्ष हाय," ते म्हणाले. "छाटणीपासून चाळीस दिवसांची."

मालिका अशी, की दोनशे माणसं एका यानात बसून कुठल्यातरी लांबच्या ताऱ्याकडे निघाली आहेत. प्रवासाला तीन वर्षं झालीत. यानात खालच्या मजल्यावर एक बंद दार आहे आणि ते कुणालाही उघडायची परवानगी नाही. बस्स, एवढंच. पण त्या दारामागे काय आहे यावरून आमच्या ग्रुपवर जेवढं लिहिलं गेलं तेवढं गोदावरीच्या काठी हजार वर्षांत कुणी लिहिलं नसेल. ग्रुप मी काढलेला, त्यामुळे माझं मत थोडं वजनदार. कॅप्टन हा माणूस नसून यंत्रमानव आहे, हा माझा सिद्धान्त. चार सीझनमध्ये त्या गृहस्थाने एक घास खाल्लेला नाही. लोक त्याच्यासमोर जेवतात, तो फक्त बघतो. दारामागे त्याच्यासारखे आणखी शंभर कॅप्टन उभे करून ठेवलेत, हे मी छातीठोकपणे सांगत असे, आणि हॉटेलात कुणी नुसता चहा घेऊन बसला तरी त्याच्याकडे संशयाने बघत असे.

माझे एकमेव तुल्यबळ प्रतिस्पर्धी म्हणजे आमच्या गल्लीतले गुरुजी. सकाळभर घाटावर श्राद्धं, पिंडदान वगैरे उरकून ते रविवारी सोवळं बदलून आमच्याकडे भाग बघायला येत. त्यांचं मत, यानातले सगळेच्या सगळे केव्हाच गेलेले आहेत, फक्त त्यांना ते कळलेलं नाही.

"गुरुजी, तुम्हाला सगळेच गेलेले दिसतात," मी म्हणायचो.

"व्यवसायच तसा आहे," ते शांतपणे म्हणायचे आणि पोहे पुढे ओढायचे.

आता साडूंबद्दल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सटाण्याकडे द्राक्षबाग. त्यांची मुलगी अकरावीला नाशिकला आली ती आमच्याच घरी राहिली. गावाकडे असताना ही पोर बापाच्या मागे बागेत दिवसभर बडबडत हिंडायची म्हणतात. इथे आल्यावर महिन्याभरात तिने 'लय' आणि 'नाय' सोडलं, कॉलेजात वडील 'बिझनेस करतात' असं सांगायला लागली, आणि बापाचा फोन आला की जे संभाषण व्हायचं ते मी घड्याळ लावून मोजलंय. जेवली का? हो. अभ्यास? चालू आहे. बरं. अकरा सेकंद. त्यातले चार सेकंद साडूंच्या घसा खाकरण्याचे.

मालिकेबद्दल मात्र ती माझ्याशी तासन्‌तास बोलायची. यंत्रमानव सिद्धान्ताची ती माझी पट्टशिष्य. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवत नसे.

साडूंनी मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं म्हणे, "ती तिकडं बघती तरी काय?" मेहुणीने नाव सांगितलं. मग त्या माणसाने मांडवाच्या तारेला मोबाइल टांगला आणि बागेत काम करता करता हिंदी आवाजातले आजवर आलेले चारही सीझन पाहून काढले. फवारणीच्या वेळी ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून ते भाग त्यांनी दोनदा पाहिले. बायकोने मला हे स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. "दाजी म्हणाले, पोरीशी बोलायला काहीतरी पायजे ना. तेव्हा रविवारी येतील, तुम्ही जरा जपून बोला."

जपून बोलण्याची मला सवय नाही, पण मी प्रयत्न केला. कांद्याची अर्धी गोणी जिन्यातून वर आणून साडू सोफ्याच्या कडेवर बसले, पाहुण्याच्या घरी बसतात तसे. भाची त्यांच्याकडे बघत नव्हती. गुरुजी समोर होते, आणि बाप आता काय बोलतोय या धास्तीने तिने उशी पोटाशी घट्ट धरली होती. आणि त्यानंतर ते ओरडले.

"बगलफुटी काढलेल्या हायेत," आता ते पडद्यावर बोट ठेवून म्हणाले.

"काय काढलेलं आहे?" गुरुजींनी विचारलं.

"हे बघा. पान जिथं काडीला लागतं ना, तिथं बगलेत बारीक फूट येती. ती हातानं खुडावी लागती, नायतर नुसतं रान माजतं. हितं एक बी नाय. समद्या खुडल्यात. तीन वर्षं हात नाय लावला तर ही वेल कॅप्टनच्या गळ्यात गेली असती, गुरुजी. कुणीतरी छाटणी करतंय, बगलफुटी काढतंय. पार निगुतीनं."

"मग असेल कुणी," मी म्हणालो.

"कोण? चार सीझनमधी कुणी वेलीला हात लावलेला दाखवा मला." ते रंगात आले की त्यांची भाषा आपोआप गावाकडे निघून जाते, 'हाय'चं 'शे' होतं. "यानात एक माणूस जास्तीचा शे. शेतकरी शे. त्या दाराआड शे."

बायको पोह्यांची ताटली घेऊन येत म्हणाली, "अहो, शूटिंगला माळी ठेवला असेल की एखादा."

आम्ही तिघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, जसं ऐन आरतीत मूर्ती दगडाची आहे म्हणणाऱ्याकडे पाहावं. गुरुजी समजुतीने म्हणाले, "वहिनी, ते धरायचं नसतं."

तेव्हा पहिल्यांदा भाचीने उशी बाजूला ठेवली. "बाबा, तुम्हाला खात्री आहे? एकदाही कुणी हात लावलेला नाही?"

"मी बघितलं तेवढ्यात नाय. तू तपास."

तिने तपासलं. तीन दिवस कॉलेज, जेवण आणि झोप सोडून (झोप तर माझ्या हिशेबाने अजिबात नव्हती) तिने चार सीझन पळवत पळवत पाहिले. वेल बावीस वेळा दिसते. दर वेळी छाटलेली, खुडलेली, तारेला नीट बांधलेली. आणि एकदाही, कुणीही, तिच्याजवळ फिरकत नाही. बुधवारी संध्याकाळी तिने हे सगळं ग्रुपवर टाकलं आणि वर इंग्रजीत लिहून जगभरचे लोक जमतात त्या चर्चेच्या पानावरही टाकलं. खाली लिहिलं, 'हे माझ्या वडिलांनी ओळखलं. ते द्राक्षबागायतदार आहेत.' कॉलेजमधल्या मैत्रिणी तिथे होत्या, बरं का. त्यांच्यासाठी तोवर वडील बिझनेस करत होते.

पुढचं सांगतो त्यात थोडं मीठ माझं असेल, पण भाजी खरी आहे. ब्राझीलच्या कुणीतरी विचारलं, बगलफूट म्हणजे काय. भाचीने बापाला फोन लावला. बापाने बागेतून फोटो पाठवला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलेली फूट. आठवड्याभरात तीन खंडांतले लोक 'बगलफूट' हा शब्द वापरायला लागले. दारामागे शेतकरी आहे, यावर तट पडले. माझ्या यंत्रमानवाला कुणी विचारेना. मी एकदा लिहिलं की यंत्रमानवसुद्धा बगलफुटी काढू शकतो, तर त्याला एकच अंगठा आला, आणि तो माझा होता.

आणि फोन. अकरा सेकंदांचे फोन चाळीस मिनिटांवर गेले. भाची गॅलरीत फेऱ्या घालत बोलायची. मी कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने ऐकलंय. तो शेतकरी एकटाच कसा राहत असेल, पाणी कुठून घेत असेल, पानावर जे पांढरं दिसतंय ती रोगाची भुरी आहे का नुसता उजेड, आणि मधेच, "बाबा, आपली बाग आज किती दिवसांची?" हे विचारताना 'आपली' असं म्हणालेली मी स्वतः ऐकली. साडू तिकडून छाटणीपासूनचे दिवस सांगत. मी तोच टॉवेल तीनदा पिळला.

मालिकेचा शेवटचा भाग त्यानंतरच्या चौथ्या रविवारी होता. साडू सकाळीच आले. बाग त्या दिवशी सहासष्ट दिवसांची होती आणि अशा वेळी बाग सोडून येणं म्हणजे मंडपात नवरदेवाला बसवून हळद शोधायला जाण्यासारखं, पण आले. इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट. गुरुजींनी एक श्राद्ध पुढे ढकललं होतं. "त्यांना काय घाई," म्हणाले. भाची बापाच्या शेजारी बसली. साडूंचे हात मांडीवर होते आणि बोटं नकळत कसलीतरी फूट खुडत होती.

दार उघडलं. सांगूनच टाकतो, लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. तीन वर्षं ज्या दारासाठी आम्ही डोकी फोडून घेतली त्याच्यामागे निघाली कोठीची खोली. फळ्यांवर डबे, आणि डब्यांच्या मधे मांडी घालून बसलेला कॅप्टन. जेवत होता. एकटा, चोरून, चमच्याने. यानातलं अन्न संपत आलं होतं आणि हे महाशय लोकांसमोर उपास करून इथे हात धुऊन घेत होते. शेतकरी नव्हता. कुणीच नव्हतं.

कॅप्टनच्या प्रत्येक घासाबरोबर माझा यंत्रमानव मरत होता. आजवर इतकं वाईट वाटलेलं नाही.

"माझं अजून पडलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "गेलेली माणसंही जेवतात. म्हणून तर आपण पिंड ठेवतो."

भाचीच्या फोनवर निरोप धडाधड पडायला लागले. ब्राझील, कॉलेज, सगळे. काही हसत होते. साडूंनी ते पाहिलं. ते उठले, पिशवी घेतली आणि दाराजवळ जाऊन बूट घालायला लागले. "निघतो," म्हणाले. "फवारणी राहिलीय." भाचीकडे न बघता म्हणाले, "त्या लोकांना लिही, बापाची चूक झाली म्हणावं. खेड्यातला माणूस हाय."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. बायको डोळ्यांनी तेच सांगत होती. पण हरलेल्या माणसाला आपल्याहून जास्त हरलेला कुणीतरी लागतो, आणि मी म्हणालो, "साडूबुवा, तुमचा शेतकरी काही निघाला नाही बुवा."

भाचीने फोन उपडा ठेवला, बापाच्या हातातली पिशवी काढून परत सोफ्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून, पोह्यांत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मग बगलफुटी कुणी काढल्या, काका?"