राजाच्या मुकुटाजवळची गाठ

मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी वसंता उभा दिसला आणि मी काय ते समजले. "शांताताई, आप्पा गेले..." लालबागच्या आमच्या चाळीतले, गिरणीत फिटर असलेले भिकाजीआप्पा; वसंता त्यांचा मुलगा. महिना होत आला, पण वरच्या मजल्यावर कुणी खोकलं की अजून वाटतं, आप्पाच!

आप्पांना नाद एकच, बिघडलेल्या नाण्यांचा. नवे पैसे आले तेव्हा सगळी चाळ गोंधळलेली, आणि हे आपले भिंग लावून कडा तपासतायत! टांकसाळीत चुकलेलं नाणं एका काड्यापेटीत, नंतर कुणी ठोकलेलं-घासलेलं दुसरीत.

माझ्याकडे आईचा एक राजाछाप रुपया होता. मी दीड वर्षाची असताना आई गेली. तिची म्हणून तेवढीच वस्तू. राजाच्या मुकुटाला लागून, कडेशी, चांदीची बारीक गाठ. शाळेतले एक मास्तर म्हणाले, ही टांकसाळीची चूक, दुर्मीळ आहे, मला द्या, बदल्यात शिवाजीमहाराजांच्या वेळची शिवराई देतो. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे! इंग्रजांचा राजा जाऊन घरात शिवराई येणार म्हणून मी हरखूनच गेले. रुपया द्यायला निघताना आप्पांना सहज दाखवला.

सभेत घोषणा देऊन त्यांचा घसा पार बसला होता. "चूक नाही ही," ते कुजबुजले. "टांकसाळीतली असती तर गाठीवरही ठसा उमटला असता. ही ठशाच्या वर बसलीय. मुकुटाची रेघ बघ, गाठीखाली शिरते. सोनारानं इथे कडी जोडली होती, मागाहून कुणी काढलीय."

मी चिडलेच. "तुम्हाला मेलं कुणाचं चांगलं बघवतच नाही!"

आप्पा नुसते हसले. रुपया उलटा करून म्हणाले, "मागची बाजू गुळगुळीत झालीय, अंगाला घासून. कुणाच्या तरी गळ्यात होता हा. आधी घरी विचार गो, मग खुशाल दे."

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "अगो, तो तुझ्याच गळ्यात होतो! तुका देवी इली, तेव्हा आवशीन बांधल्यान." देवीच्या त्याच साथीत आई गेली होती... आईचा चेहरा मला आठवत नाही. पण तिचे हात माझ्या गळ्याशी आले होते, हे मला आप्पांमुळे कळलं. त्यांचे हे उपकार मी कधीच विसरणार नाही.

शिवराई मास्तरांकडेच राहिली. आप्पांनी त्या रुपयाला वेगळी काड्यापेटी दिली, वर स्वतः चिठ्ठी डकवली.

परवा मी रुपया सोनाराकडे नेला. जुन्याच जागी कडी लावून घेतली, काळा दोरा ओवला आणि वसंताच्या तान्ह्या लेकीच्या गळ्यात बांधला. लबाड, लगेच तोंडात घालायला बघत होती! काड्यापेटी माझ्याकडेच आहे, रिकामी. वर आप्पांचं अक्षर: 'चूक नाही.'